काका, तुमच्या फायलीबद्दल

ती. काका,
सा. न.

अभिनेत्री भक्ती बर्वे यांच्यावरचं परवाचं व्याख्यान पार पडलं. वाचनालयात खुर्च्या कमी पडल्या, मागे काही जण उभेच होते. लोकांनी कौतुक माझं केलं. त्यातला मोठा वाटा तुमचा आहे, तो चारचौघांत सांगावा म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे.

भक्ती बर्वे म्हटलं की बोलणारे बहुधा १२ फेब्रुवारी २००१ पासून सुरुवात करतात. वाईचा कार्यक्रम आटोपून मुंबईला परतताना एक्स्प्रेसवेवर अपघात, वय अवघं बावन्न, आणि सभागृह हळहळतं. तुम्ही फोनवरच बजावलंत, "बाईंनी काम काय केलं ते सांग. मेल्या कशा, ते सगळ्यांना ठाऊक आहे." इतकी वर्षं नाट्यगृहाच्या बुकिंगच्या खिडकीवर बसलेल्या माणसाखेरीज हे कोण बोलणार!

मग ती जाडजूड फाइल आली. नाटकांच्या जाहिराती, परीक्षणं, पिवळे पडलेले कागद, टाचण्या गंजलेल्या. सांगलीत जन्मलेली मुलगी सुधा करमरकरांच्या लिटल थिएटरमधून बालनाट्यांत येते, पुढे आकाशवाणी, मग मुंबई दूरदर्शनच्या मराठी बातम्या. मी हा भाग दोन वाक्यांत उरकणार होते. तुम्ही समासात पेन्सिलीने लिहिलंत, "इथे थांब."

थांबले, आणि १९७५ सालची 'ती फुलराणी' वेगळीच दिसायला लागली. पुलंनी शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून केलेलं नाटक, समोर सतीश दुभाषींचा प्रोफेसर. भाषा सुधारायला त्याच्याकडे आलेली फुलवाली मंजुळा कोण, तर जिचं मराठी लोक दूरदर्शनवर प्रमाण म्हणून ऐकत होते ती बाई! घरात टीव्ही असलेल्या प्रेक्षकाला ही गंमत दुप्पट कळली असणार. बोली बिघडवून दाखवणं सोपं असतं. ती प्रवेशागणिक थोडी थोडी सुधारत न्यायची आणि आतली मंजुळा मात्र तीच ठेवायची, हे अवघड. त्याच बाई दूरदर्शनसाठी बहिणाबाई होतात, तेव्हा जिभेला पुन्हा वेगळं वळण. हे मी बोलले तेव्हा पुढच्या रांगेतल्या एक आजी जोरजोरात मान हलवत होत्या.

बाकीचं भराभर सांगितलं. 'जाने भी दो यारो'मधली बेरकी संपादिका शोभा सेन (हिंदीवाल्यांना त्या एवढ्याच माहीत, याचा मला अजून राग येतो), १९९० चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार, 'आई रिटायर होतेय', 'गांधी विरुद्ध गांधी'मधली कस्तुरबा. त्यांचे पती, अभिनेते शफी इनामदार गेले ते १९९६ साली. त्यावर एक वाक्य बोलले आणि पुढे सरकले. तुम्ही असतात तर तेही गाळायला लावलं असतंत.

गुडघ्यामुळे तुम्हाला जिना चढवला नाही, म्हणून रेकॉर्डिंग करून ठेवलं आहे. आवाज जरा घोगरा आलाय, पण ऐकू येतं. रविवारी फाइल घेऊन येते तेव्हा लावू. गंजलेल्या टाचण्या काढून कात्रणं प्लॅस्टिकच्या पाकिटांत घातली आहेत, क्रम तुमचाच ठेवलाय. 'गांधी विरुद्ध गांधी'च्या कात्रणांची तेवढी झेरॉक्स काढून ठेवू का? आणि काकूंना सांगा, चहा मी आल्यावर मीच करणार आहे.

तुमची,
वाचनालयातली पुतणी