कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मामांना, न विकलेल्या गार्डबद्दल

ती. मामा यांस,
सा. न. वि. वि.

समोर येऊन आभार मानायला गेलं की तुम्ही चहा सांगता आणि विषय बदलता, म्हणून लिहिते आहे. चारचौघांना वाचता येईल असं मुद्दाम लिहिते, कारण लेगगार्ड घ्यायला निघालेल्या माणसाला तुम्ही मला विचारलेला प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. जाड दाखवू की बारीक, काळं की स्टीलचं, एवढ्यावर व्यवहार संपतो.

माझी गाडी रॉयल एनफील्डची हिमालयन 411. वजन 199 किलो, सीटची उंची 800 मिलिमीटर, आणि मी पाच फूट दोन इंच. असल्या गाडीला पडायला वेग लागत नाही, ती उभ्या उभ्या पडते. पंपावरच्या बारीक खडीत, कोकणात उतरल्यावर साइडस्टँड लाल चिखलात रुतला की, नाहीतर घाटात गाडी वळवून घेताना उताराकडचा पाय जमीन शोधत राहतो तेव्हा. एका मर्यादेपलीकडे कलली की ती कुणाला सावरत नाही. गंगावेस तालमीतल्या पैलवानालाही नाही.

तुमच्या गॅरेजमध्ये आले तेव्हा भिंतीला टांगलेलं तीन पाइपांचं गार्ड मनात भरलं होतं आणि पैसे हातात होते. तुम्ही म्हणालात, "गाडी पडली की पहिल्यांदा काय टेकतंय, बघितलंयस का कधी?" मी म्हटलं, इंजिन असेल. तुम्ही काही बोलला नाहीत. पोती अंथरलीत, त्यावर प्लायचा तुकडा टाकलात, टाकीचं झाकण उघडून पेट्रोल तळाला आहे ना ते बघितलंत आणि पोराला हाक मारलीत. दोघांनी मिळून माझी गाडी डाव्या कुशीवर अलगद आडवी केलीत. टॉर्च हातात धरून मी उभी, आणि खरं सांगते, जीव खालीवर होत होता.

तुम्ही गुडघ्यावर बसून टेकलेल्या प्रत्येक जागी खडूने खूण केलीत. हँडलचं टोक आणि त्याला लागून क्लच लिव्हरचं बोंड. मग फूटरेस्ट. या दोघांच्या मधे गिअरचा दांडा, प्लायपासून जेमतेम बोटभर वर. इंजिनचं कव्हर कशालाच टेकलं नव्हतं. मला वाटलं, म्हणजे गार्ड नकोच की. तेवढ्यात तुम्ही इंजिनखाली एक वीट सरकवलीत. ती कव्हरला जाऊन भिडली. "रस्ता काय प्लायचा नसतोय पोरी."

ओरखडे उठलेली टाकी घेऊन माणूस घरी येतो. लिव्हर मोडली, गिअरचा दांडा आत दबला किंवा कव्हरला तडा जाऊन ऑइल गळायला लागलं, की येत नाही. पैसे कुठे घालायचे हे तुम्ही एवढ्यावरच ठरवलंत. मला हे आधी कुणीच सांगितलं नव्हतं, आणि गाड्यांबद्दल सांगणारे तर मला रोज भेटतात.

ते जाड गार्ड तुम्ही गाडीला नुसतं धरून दाखवलंत आणि मला सीटवर बसून पाय खाली टाकायला लावलंत. नडगी सरळ पाइपवर आदळली. गाडी सावरायला पाय टाकायचा आणि तोच गार्डमध्ये अडकायचा, म्हणजे गाडी वाचली आणि हाड गेलं. शिवाय रुंदी इतकी, की आपल्या गुजरीच्या गर्दीत पुढच्याच्या पायाला लागलं असतं. तुमचं दुसरं म्हणणं मला जास्त पटलं. वाकतच नाही असं गार्ड मार स्वतः खात नाही, चासीच्या कानावर, म्हणजे गार्ड जिथे बोल्टने बसतं त्या जागेवर, ढकलतं. गार्ड फ्यूजसारखं असावं, आधी ते जावं. वाकलं तर बदलता येतं. चासीचा कान तुटला तर मग गाडी पूर्ण उघडायची तयारी ठेवा. म्हणून तुम्ही एका पाइपाचं, वर आणि खाली दोन्हीकडे बोल्टने बसणारं साधं गार्ड आणायला लावलंत, तेही दुसऱ्या दुकानातून. बसवल्यावर पाइप आणि कव्हर यांच्यात दोन बोटं घालून बघितलीत. पाइप वाकणारच, पण वाकून इंजिनला टेकता कामा नये. मी चासीला वेल्डिंगचं विचारलं तेव्हा मात्र आवाज चढला होता तुमचा. बरोबरच होतं. वेल्डिंगच्या आचेने नळीची ताकद जाते, आणि चासीत फेरफार करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्येही बसत नाही.

बोल्टचं प्रकरण तर मी आता सगळ्यांना सांगत सुटले आहे. गार्डची पट्टी मधे आली की कंपनीचा जुना बोल्ट तेवढा आखूड पडतो, आणि शेवटच्या दोनतीन आट्यांवर सगळा भार येतो. तुम्ही पट्टीच्या जाडीइतके लांब बोल्ट शोधलेत. डोक्यावर 8.8 छापलेलेच हवेत म्हणून दोन डबे उपसलेत. पहिला आकडा ताकदीचा, दर चौरस मिलिमीटरला 800 न्यूटन. दुसरा म्हणजे त्याच्या 80 टक्क्यांवर बोल्ट ताणून कायमचा लांबायला लागतो. आवळून झाल्यावर प्रत्येक डोक्यावरून पट्टीवर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढलीत. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला. मी हल्ली गाडी पुसताना आधी त्या रेघा बघते.

हँडगार्ड मी हौसेने आणलेले, नुसत्या प्लॅस्टिकचे. "ह्यानं वारं अडंल," एवढंच म्हणालात. मग आत ॲल्युमिनियमची पट्टी असलेले, हँडलच्या टोकाला आणि मधे असे दोन ठिकाणी पकडणारे घ्यायला लावलेत. क्लच लिव्हरच्या पकडीखाली टेफलॉन टेपचे वेढे देऊन ती अशी आवळलीत, की हाताने जोर लावला तर फिरेल पण चालवताना हलणार नाही. लिव्हर टोकाजवळ तुटावी आणि दोन बोटांपुरती तरी उरावी, म्हणून काहीजण तिला भोक पाडतात, ते मी विचारून बघितलं. ब्रेकच्या लिव्हरला ड्रिल लावणार नाही म्हणालात, आणि क्लचच्याही नाही लावलंत.

भाच्याच्या फेअरिंगवाल्या, म्हणजे बाजूंनी प्लॅस्टिकचं आवरण असलेल्या गाडीसाठी मात्र तुम्ही नायलॉनचे स्लायडर, म्हणजे पडल्यावर आधी टेकणारे बाहेर आलेले ठोकळे, चालतील म्हणालात, पण इंजिनच्या एकाच लांब बोल्टवर लोंबणारे नकोत. जितका बाहेर, तितका बोल्ट वाकवणार. तो अजून ऐकायचा आहे.

आता भुईबावडा घाटातली गोष्ट. पाऊस नुकताच उघडला होता. फोटोसाठी थांबून गाडी वळवत होते, डावा पाय शेवाळावर पडला आणि गाडी दरीच्या नाही, डोंगराच्या बाजूला आडवी झाली, हे नशीब. किल्ली बंद केली. हँडल पूर्ण वळवलं, गाडीकडे पाठ करून बसले, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागचं कॅरियर धरून पायांच्या जोरावर मागे चालत गेले. तुम्ही शिकवलं होतं तसंच. फक्त उचलण्याआधी साइडस्टँड लावून ठेवता आला नाही, कारण तो डावीकडे असतो आणि गाडी डावीकडेच पडली होती. म्हणून पहिल्या गिअरमध्ये टाकून उभी केली, की सरळ झाल्यावर पलीकडे जाऊ नये.

गार्डच्या कोपऱ्यावर दगडाचा पांढरा घाव आणि पाइप जरासा आत. क्लच लिव्हर आकाशाकडे फिरलेली, पण अखंड. ती हातानेच खाली वळवली. गिअरचा दांडा शाबूत. किल्ली बंद करून परत चालू केल्याशिवाय ही गाडी पडल्यावर सुरू होत नाही, तेही लक्षात होतं. गगनबावड्यात भजी खाल्ली आणि अंधाराच्या आत कोल्हापूर गाठलं.

पाइप आत आला आहे, तो गरम करून सरळ करायचा की नवीन घ्यायचं, ते बघायला शनिवारी येते. बरोबर बँकेतली मैत्रीण असेल, क्लासिक 350 वाली. तिने गार्ड आधीच बसवून घेतलंय आणि बोल्ट मूळचेच आहेत. पोती काढून ठेवा. चहाचे पैसे यावेळी मी देणार.

आपली नम्र,
हिमालयनवाली