बघा, पण जरा माणसासारखं

संपादक साहेब, लहानपणीच्या पोलिओमुळे मी पायाला आधार देणारं कॅलिपर घालून चालतो, त्यामुळे लोकांच्या नजरा पायावर येणारच हे आता अंगवळणी पडलंय. लहान पोरं टक लावून बघतात त्याचं काही वाटत नाही, उलट मीच सांगतो हा माझा रोबोटचा पाय, ती हसतात आणि विषय संपतो. वैताग येतो तो पोराला दटावून बाजूला ओढणाऱ्या आईबापांचा, आणि "च्च च्च" करणाऱ्यांचा तर जास्तच. डब्ल्यूएचओच्या हिशोबाने जगात साधारण ६ माणसांत १ जण कुठल्या ना कुठल्या अपंगत्वासोबत जगतो, मग एवढं नवल कसलं? हल्ली मी सरळ नजरेला नजर देऊन "काय म्हणताय?" विचारतो, काही ओशाळतात, काही चक्क गप्पा मारायला लागतात. एखाद्या दिवशी मात्र तेवढाही मूड नसतो, तेव्हा इयरफोन घालतो नि निघून जातो.

- एक वाचक