सूचना : मुलांची पावलं आत वळत असतील तर

सर्व पालक सदस्यांना नमस्कार. 'मूल पाय आत टाकून चालतं, काय करू?' हा प्रश्न गटात वारंवार येतो, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

कारणं साधारण तीन. तान्ह्या बाळात पावलाचाच पुढचा भाग आत वळलेला असतो. १ ते ३ वर्षांत बहुधा नडगीच्या हाडाला पीळ असतो. ३ वर्षांनंतर मांडीच्या हाडाला. ही मुलं गुडघे पुढे आणि पाय मागे दोन्ही बाजूंना टाकून बसतात, धावताना अडखळतात. बहुतेकांचं वाढत्या वयात, ८ ते १० वर्षांपर्यंत, आपोआप सुटतं. खास बूट, पट्टे, महागडे इनसोल यांनी हाडाचा पीळ सुटत नाही. डाव्या-उजव्या चपला उलट घालण्याचा सल्ला तर कृपया गटात पुन्हा टाकू नये!

मात्र दुखत असेल, मूल लंगडत असेल, एकच पाय वळलेला असेल, वळण वाढत असेल किंवा दीड वर्षाचं होऊनही ते चालत नसेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. ८ वर्षांनंतरही सतत पडणं चालू असेल तरीही.

तान्ह्या बाळाचं पाऊल हाताने हलकेच सरळ होत नसेल तर थांबू नका. प्लास्टरचा उपयोग पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक होतो. जन्मतः घोटाही वाकडा असेल तर उपचार पहिल्या एक-दोन आठवड्यांतच सुरू करतात.

दाखवायला जाताना मुलाचा अनवाणी चालतानाचा व्हिडिओ सोबत न्या. डॉक्टरांसमोर मुलं हटकून सरळ चालतात.