फ्रिअरटाउनहून (मोंबासा, केनिया) पत्र

प्रिय आई-बाबा,

सप्रेम सलाम.

मोंबासाला नीट पोचले. नैरोबीहून आता नवी रेल्वे आहे, त्यामुळे बाबांचा तो रात्रीच्या बसचा वैताग संपला. स्टेशन मात्र शहराबाहेर, मिरितिनीला. तिथून टुकटुक केली तर ती आपल्या बजाजची! न्याली पूल ओलांडला आणि मताटूवाल्या (मिनीबसवाल्या) पोराचं ‘केंगेलेनी, केंगेलेनी’ कानावर आलं. म्हणजे घंटेपाशी!

घंटेचा मनोरा आहे तिथेच आहे, पण भोवती एवढी वाहतूक की बघायला उभं राहायचीही सोय नाही. बाबा, तुम्ही आम्हाला तिथे नेऊन सांगायचात ना, गुलाम पकडणारे आले की ही घंटा बडवायचे म्हणून? आता तिच्या सावलीत बोडाबोडावाले, म्हणजे मोटरसायकल-टॅक्सीवाले, गिऱ्हाइकाची वाट बघत मोबाइल चाळतात.

रविवारी उपासनेला गेले. पाळक नवे, तरुण. बाहेर चहाला थांबले, तर एक बाई निरखून बघत पुढे आल्या आणि म्हणाल्या, “तू म्वालिमूंची, गुरुजींची मुलगी!” मागच्या घरातल्या बीबींची थोरली लेक. बीबी गेल्या, आई. तिने हाताला धरून घरी नेलं, महाम्री (तळलेल्या गोडसर पुऱ्या) आणि म्बाझी वाढली. नारळाच्या दुधात शिजलेले तुरीचे दाणे तसेच, वरची सायही तशीच. तू त्यात गोडा मसाला घालायचीस, त्यावरून बीबी किती हसायच्या, ते तिला अजून आठवतं.

मग तिने विचारलं, “शरणपूरला आता काय उरलंय?” तिच्या पणजोबांचे वडील नाशिकला सुतारकाम शिकले, असं त्यांच्या घरात सांगत आलेत. इंग्रजांच्या आरमाराने गुलामांच्या गलबतांतून सोडवलेली ही पोरं मुंबईला उतरवली, त्यांतली कितीतरी शरणपूरच्या मिशनमध्ये वाढली. 1875 मध्ये तिथलेच पाद्री प्राइससाहेब इकडे येऊन ही वस्ती वसवू लागले, तेव्हा नाशिकची मंडळी हाताशी होती. गावाला नाव पडलं ते मात्र फ्रिअरसाहेबांचं! मुंबईचे गव्हर्नर होते, गुलामांचा व्यापार थांबवायला झांझिबारच्या सुलतानाशी करार घडवायला झटले, सगळं मान्य. पण त्या नाशिकच्या मंडळींतल्या विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर यांना 1885 मध्ये इथेच धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली, त्यांचं नाव नाशकात कोणी घेतं का? आणि जेकब वेनराइट? आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी लिव्हिंग्स्टनचं शव किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांपैकी एक, पुढे थेट लंडनपर्यंत शवासोबत गेलेला. तोही शरणपूरचाच. आपल्या शाळेत लिव्हिंग्स्टन होता, वेनराइट नव्हता. इथल्या म्हाताऱ्यांना नाशिक पाठ आहे. आपल्याकडे शरणपूर रोड म्हटलं की दुकानं आणि पार्किंगची मारामारी.

मी तिला एवढंच सांगितलं की बाबा तिथेच राहतात, त्यांना विचारते. तेव्हा बाबा, एक काम करा. दादाबरोबर जाऊन जुन्या मिशनचं जे काही शिल्लक दिसेल, भिंत, थडगं, पाटी, त्याचे उजेडात फोटो काढा. गुडघा दुखतोय, तेव्हा स्कूटरवर नाही, रिक्षाने. आणि मोबाइलवर दोन मिनिटं बोलून पाठवा, स्वाहिलीत. चुकली तरी चालेल, ती सगळ्यांना ऐकवणार आहे. पुढच्या रविवारच्या आत हवं, नंतर मी मोंबासाजवळच्या राबई गावाला जाणार.

आई, बीपीची गोळी रोज घे. तुझ्यासाठी लवंगा घेतल्यात.

तुमची,
लेक