तालुक्याच्या पानावरची ‘मागणी’

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्यात आपल्या आणि इतर दैनिकांच्या तालुका पानांवर येणाऱ्या पाणीटंचाईच्या बातम्यांविषयी हे पत्र आहे. मी पुण्यात पत्रकारितेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला आहे. पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मधली २०२४ची सुटी मी अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील पाथर्डी या माझ्या तालुक्यात, एका दैनिकाच्या तालुका कार्यालयात प्रशिक्षणार्थी म्हणून काढली. दैनिकाचे नाव देत नाही, कारण त्याच्या जागी दुसरे कोणतेही असते तरी फारसा फरक पडला नसता, असे मला वाटते.

कार्यालय म्हणजे एक गाळा, एक संगणक आणि जाहिरातींच्या पावती पुस्तकांचा गठ्ठा. १३ मे रोजी मतदान पार पडले तरी ४ जूनच्या निकालापर्यंत तिथे दुसरा विषय नव्हता, आणि म्हणूनच पाण्याच्या बातम्या माझ्यासारख्या नवख्या मुलीच्या वाट्याला आल्या. २०२३चा पावसाळा आमच्याकडे कोरडाच गेला होता. मी केलेली पहिली बातमी अशी होती : टँकरसंबंधीचे एक सरकारी प्रसिद्धिपत्रक आले, त्यातले ‘कळविण्यात येते की’ मी काढून टाकले, वर ‘प्रतिनिधी’ असे लिहिले आणि पाठवून दिले. त्यात एका गावाला दररोज तीन खेपा मंजूर असल्याचा उल्लेख होता. हिशेबही चोख होता. गावाची लोकसंख्या सुमारे १८००, माणशी २० लिटर म्हणजे ३६ हजार लिटर, आणि १२ हजार लिटरच्या टँकरच्या तीन खेपा. छापून आलेल्या त्या बातमीचे कात्रण मी वहीत चिकटवलेसुद्धा.

चार दिवसांनी त्याच गावातल्या मावशीकडे गेले, तेव्हा विहिरीवर हंडा घेऊन थांबलेल्या एका बाईंना ही बातमी मीच दिल्याचे मावशीने कौतुकाने सांगितले. त्या म्हणाल्या, “पेपरात तीन येत्यात पोरी, हिरीत दोनच.” रागाचा लवलेशही त्यांच्या बोलण्यात नव्हता. आज वार कोणता, हे सांगावे तितक्या सहजपणे त्यांनी ते सांगितले.

त्यानंतर मी लागोपाठ पाच दिवस सकाळी सात ते संध्याकाळी सातपर्यंत त्या विहिरीजवळ बसले. पहिली खेप साडेनऊच्या सुमारास यायची. पाइप विहिरीत सोडला की काठावरच्या बायका पोहरे टाकायला एकदमच पुढे सरकत, आणि पहिले पाणी इतके गढूळ निघे की ते जनावरांसाठी बाजूला ठेवले जाई. दुसरी खेप दुपारी तीन-चारच्या दरम्यान. तिसरी मला पाचांपैकी एकाच दिवशी दिसली. टँकरच्या चालकाला विचारले, तर त्याने आडपडदा न ठेवता सांगितले की, टँकर जिथे भरतात तिथल्या मोटारीला दिवसा पुरती वीज मिळत नाही, पुढे सात-आठ टँकर रांगेत असतात आणि तिसऱ्या खेपेला रात्र होते. रात्री विहिरीवर सही करायला कोणी नसते. तरीही लॉगबुकात तीन खेपांच्या सह्या कशा होत्या, हे मात्र त्याला किंवा ग्रामपंचायतीत कोणालाही सांगता आले नाही. हा भ्रष्टाचारच आहे, असे मी म्हणत नाही. तसे म्हणण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही. मंजूर खेपा आणि आलेल्या खेपा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण पहिलीच छापतो, एवढेच माझे म्हणणे आहे. त्यातच आमच्या तालुक्यातले ऊसतोड मजूर साखर कारखान्यांचे पट्टे पडले, म्हणजे गाळप हंगाम संपला, की मार्च-एप्रिलमध्ये घरी परततात, म्हणजे विहिरी आटतात नेमक्या त्याच महिन्यांत गाव भरलेले असते.

हे सारे मी साडेतीनशे शब्दांत लिहून पाठवले. छापून आल्या सहा ओळी, आणि शीर्षक होते : ‘टँकरच्या खेपा वाढविण्याची ग्रामस्थांची मागणी’. वास्तविक त्या गावात कोणीच अशी मागणी केली नव्हती. मंजूर आहे तेवढे तरी पाणी येत नाही, असे लोक सांगत होते. पण तालुक्याच्या पानाचे काही साचे ठरून गेले आहेत. ‘मागणी होत आहे’, ‘नाराजी व्यक्त होत आहे’, ‘नागरिकांतून संताप’ या साच्यांत बसत नाही ते कापले जाते. कापणाऱ्या उपसंपादकांना मी दोष देत नाही. एकाच माणसाला एका रात्रीत अनेक तालुक्यांची पाने लावायची असतात.

ज्या तालुका प्रतिनिधींच्या हाताखाली मी होते, त्यांच्याविषयी लिहायलाच हवे. वीसहून अधिक वर्षे ते हे काम करीत आहेत. त्यांना पगार नाही. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस यांच्या जाहिरातींवर मिळणारे कमिशन हेच त्यांचे उत्पन्न. मी तिसऱ्या खेपेचा शोध लावल्याच्या आवेशात त्यांच्यासमोर उभी राहिले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “लॉगबुक नंतर बघ, आधी विहिरीचा काठ बघ. टँकर नुकता येऊन गेला असला तर दगड ओला असतो.” म्हणजे त्यांना हे आधीपासून ठाऊक होते. त्यांनी ते का लिहिले नाही, असे विचारण्याचे धाडस मला झाले नाही. भिंतीवरच्या शुभेच्छांच्या जाहिरातींत कोणाकोणाचे फोटो होते, ते मात्र मी पाहून घेतले. याच जिल्ह्यात मुकुंदराव पाटलांनी १९१० साली ‘दीनमित्र’ हे वृत्तपत्र सुरू केले आणि नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून ते अनेक वर्षे चालवले, हे आम्हाला इतिहासाच्या तासाला शिकवतात. खेड्यातल्या बातमीदाराचा आज खर्च कसा भागतो, हे कोणत्याच तासाला येत नाही.

आपणास विनंती आहे ती साधी. पुढच्या उन्हाळ्यात तालुका पानावर टँकरचे आकडे छापताना मंजूर खेपांशेजारी आलेल्या खेपांचा एक रकाना ठेवावा. आणि तो भरण्यासाठी विहिरीवर जाणाऱ्या वार्ताहराला त्या दिवसाचे मानधन व पेट्रोलचा खर्च द्यावा. रोज सर्व गावांचा तक्ता जमणार नाही, हे मला समजते. आठवड्याला दोन गावे घेतली तरी चालेल.

त्या गावाच्या लॉगबुकाची प्रत मिळावी म्हणून मी ६ जूनला माहिती अधिकाराखाली अर्ज केला आहे. त्याला ३० दिवसांची मुदत असते आणि माझी सुटी त्याआधीच संपली. उत्तर मावशीच्या पत्त्यावर येईल. आले की त्याची एक प्रत, आणि माझ्या पाच दिवसांच्या नोंदी, आपल्या कार्यालयाकडे पाठवते.

आपली नम्र,
पत्रकारितेची एक विद्यार्थिनी, पाथर्डी (सध्या पुणे)