रॉयल जेलीच्या बाटलीवर तापमान छापायला लावा

मा. अन्न व औषध प्रशासन मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

स.न.वि.वि.

मे महिन्यात विदर्भात पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि त्याच उन्हात कुरिअरच्या गाड्यांतून रॉयल जेलीच्या, म्हणजे मधमाश्या राणीच्या अळीला भरवतात त्या पांढरट स्रावाच्या, बाटल्या फिरतात. जाहिरात काय, तर जखम भरते, पेशी नव्या होतात, मधुमेह्यांना वरदान! ‘पायाच्या जखमेवर लावू का?’ असं गिऱ्हाईक आम्हा औषधविक्रेत्यांना विचारतं, म्हणून हे पत्र.

यामागचं विज्ञान थोतांड नाही. २०११ मध्ये जपानच्या मासाकी कामाकुरा यांनी मांडलं की रॉयल जेलीतलं रॉयलॅक्टिन हे प्रथिन ईजीएफआर या वाढीच्या संदेशमार्गाला चालना देतं आणि अळीची राणीमाशी होते. (२०१६ मध्ये इतर संशोधकांनी त्यावर हरकत घेतली, तो वाद वेगळा.) २०१७ मध्ये स्लोव्हाक संशोधकांना डिफेन्सिन-१ या मधमाशीच्याच, रॉयल जेलीतही असणाऱ्या प्रथिनाने प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या जखमांवर कातडी लवकर धरताना दिसली.

पण हे गुण शुद्ध, शाबूत प्रथिनाचे. कामाकुरांच्याच प्रयोगात ४० अंश सेल्सिअसला ३० दिवस ठेवलेल्या जेलीतलं रॉयलॅक्टिन नष्ट झालं, तिच्यावर राणी घडेना. ४० अंश म्हणजे आमची एप्रिलमधली दुपार! आणि चमच्याने पोटात घेतलं तर प्रथिन पचूनच जातं, ते जखमेपर्यंत पोचणार कसं? इराणमध्ये मधुमेही पायांच्या जखमांवर ५ टक्के रॉयल जेलीची चाचणी झाली, निकाल २०१५ मध्ये आला: नुसत्या मलमापेक्षा सरस काही नाही.

खरी मेख तपासणीत आहे. अस्सलपणा ठरवतात तो मुख्यतः १०-एचडीए या मेदाम्लावरून. ते उष्णतेत बऱ्यापैकी टिकतं. त्यामुळे प्रथिनं केव्हाच बिघडलेली बाटलीही चाचणीत उत्तीर्ण होऊ शकते.

तेव्हा बाटलीवर साठवणुकीचं तापमान छापणं सक्तीचं करावं, यासाठी केंद्राकडे आग्रह धरा. दुकानांतून, गोदामांतून नमुने उचलून त्यातली प्रथिनं तपासायला लावा. दम्याच्या रुग्णांना रॉयल जेलीची जीवघेणी ॲलर्जी झालेली आहे. तो इशारा ठळक हवा. मधुमेह बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिराती कायद्यात आधीच बंदी आहे. तिथे नवा नियम नको, नोटिसा निघायला हव्यात, आणि त्या उन्हाळ्याआधी.

आपला,
नागपूरचा एक औषधविक्रेता