ताप आला तर कळव

बांदा,
17 सप्टेंबर 2023

चि. मनीषा हीस,
अनेक आशीर्वाद.

चतुर्थीला येत नाहीस, कोळिकोडला गेली आहेस, हे काल आईकडून कळलं. मला फोन का केला नाहीस तेही कळलं. रागावलेलो नाही. गणपती पुढच्या वर्षीही यायचाच आहे.

शंकरभावोजी विचारत होते, "चेडवाक सुटी गावूक नाय काय?" म्हटलं, केरळात निपाह विषाणू आलाय, पुण्याच्या विषाणू संस्थेची चाकांवरची लॅब तिथे नेऊन उभी केलीय, आमची मुलगी त्यात आहे. आवाज जरा चढलाच माझा. आई आतून बघत होती.

रात्री मात्र झोप नाही. 6 जणांना लागण, 2 दगावले, आणि त्या सहांत एक आरोग्य कर्मचारी. लस नाही, नेमकं औषध नाही. शंभरांतले चाळीस ते पंचाहत्तर जातात म्हणे. 2018 ची पेरांब्र्याची नर्स, लिनी, तिचा फोटो दाखवायला लागले तेव्हा आई यायच्या आत टीव्ही बंद केला. हे तुला कशाला सांगतोय, तुला माझ्याहून जास्त ठाऊक.

एकच विचारतो. ताप आला तर कळवशील ना? होस्टेलवरचा डेंग्यू आम्हाला कळला तो तू बरी होऊन चालायला लागल्यावर.

तू समजावलं होतंस, घशातला स्वॅब आधी रसायनात घालतात, विषाणू तिथेच मरतो, मग उरलेल्या आरएनएवर आरटी-पीसीआर चालते. म्हणजे मशीनपाशी भीती नाही. पटलं. पण रसायनात पडेपर्यंत ती नळी उघडणारे हात कुणाचे?

दत्तू आठवतो. काजूच्या हंगामात वरच्या बागेत माकडं मरून पडायची, आम्ही काठीने बाजूला सारायचो. त्यांच्या अंगावरच्या गोचिडी आपल्याला चावतात आणि माकडताप देतात, हे कुणाला माहीत? दत्तू "अंग मोडून आलंय, होईल बरं" म्हणत पडून राहिला. तू घरी आलीस आणि पडवीत बसून 1957 चं सांगितलंस. शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडं मेली, आधी पीतज्वराचा संशय आला, मग पुण्याच्याच संस्थेने तो नवा विषाणू शोधून काढला. नानांनी विचारलं, "मग साठ वर्षं आमका कोणी सांगूक कसा नाय?" तू गप्प राहिलीस. माझ्या मते तू व्हायरॉलॉजीत गेलीस ती तिथून. तू काही वेगळं सांगतेस, पण मी तेव्हा तुझा चेहरा बघत होतो.

दत्तूनेही ताप अंगावर काढला होता, एवढंच.

रुग्णाच्या संपर्कात आलेल्यांना 21 दिवस नजरेखाली ठेवतात ना? तुम्हाला कोण ठेवतं? दुसऱ्यांचे नमुने रात्रभर तपासायचे आणि स्वतःची कणकण पॅरासिटामॉलवर ढकलायची, यात शहाणपण नाही. तू आजारी पडलीस तर तिथल्या कामाचं काय? जेवण वेळेवर घे. किट घालायचं म्हणून पाणी कमी पिऊ नकोस. दमलेल्या हाताने... बरं, पुरे. शिकवायला बसलो की थांबत नाही, माफ कर. तुमच्यात किट काढतानाही एकजण समोर उभा राहून बघतो, असं सांगितलं होतंस. ते मला फार आवडलं होतं. त्या माणसाला माझा नमस्कार सांग.

गणपतीवरच्या माटवीला बांधायचे पेरू निवडताना वाघळाने कुरतडलेला एक निघाला. वाघळाच्या उष्ट्या फळातूनही निपाह येऊ शकतो, असं तू सांगितलं होतंस, म्हणून हात न लावता खड्ड्यात पुरला. नाना हसले. हसू देत.

आई मोदक करणार नव्हती, मी करायला लावले. दादा मंगळवारी सकाळी पोचतोय. आरतीच्या वेळी व्हिडिओ कॉल लावेल, उचलता आला तर उचल, नाही तर राहू दे.

आणि सकाळ-संध्याकाळ ताप मोजून थर्मामीटरचा फोटो मला व्हॉट्सअ‍ॅपवर टाक. नुसतं "बरी आहे" लिहिलेलं मी धरणार नाही.

तुझे,
बाबा